बाबांच्या आवाजाचा बॅकअप

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज कायमचा गेला. उरली ती घरच्या कॉम्प्युटरवर साठवलेली त्यांची भजनं. पुढची ओळ बाबांची आणि मागून साथीला आई. रोज सकाळी ऑफिसला निघताना मी ती त्यांच्या खोलीत मोठ्याने लावून जायचो, तेवढंच त्यांना बरं वाटेल म्हणून.

आठवडाभर आई नुसती मागे लागली होती. "अरे, बॅकअप कधी घेणारेस?"

"आई, तू तर आमच्या साहेबांच्या वरताण आहेस. बटण दाबलं की कॉम्प्युटरवर असेल त्याची नवी कॉपी बाहेरच्या डिस्कवर निघते आणि तिथली जुनी आपोआप पुसली जाते. उद्या सकाळी घेतो गं."

आज एकदाचं बटण दाबलं आणि मग भजन लावायला गेलो, तर फोल्डर रिकामा. डिस्क उघडली, तिथेही एक भजन नाही. देवाचा धावा करत सगळा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा उपसला.

"आई, याला कुणी हात लावला होता का गं?"

आई बाबांची उशी खिडकीत उन्हाला ठेवत होती. अभ्रा ओला होता.

"मीच पुसली भजनं. तू लावून निघून जातोस, आणि हे या उशीत तोंड खुपसून रडत राहतात. रोज."

"पण डिस्कवरची?"

 

"ती कशी पुसायची, ते मला कुठे येत होतं? म्हणून तर विचारत होते, बॅकअप कधी घेणारेस."