वाटेतली गिरणी

सिनेमातली पोरगी बापाशी कडाकडा भांडली, पिशवी खांद्याला अडकवून घराबाहेर पडली आणि तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. नववीतल्या अंबिकाला हे इतकं पटलं, की दुसऱ्याच दिवशी 'मी घर सोडून जात आहे. शोधू नका.' अशी चिठ्ठी देवघरात ठेवून ती तरातरा बस स्टँडकडं निघाली.

गुलमंडीत गफूरचाचा शिंप्यानं हाक मारली, "बिटिया, अम्मा का ब्लाऊज हो गया, लेके जा!"

मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? घेतलं.

पुढं गिरणीवाले सांडूमामा ओरडले, "तुमचं दळण कालपासून पडलंय गं, उचल की!"

तेही उचललं. सिनेमातल्या पोरीच्या वाटेत एकसुद्धा गिरणी नव्हती. डोक्यावर पिठाचा डबा घेऊन कुणाला बंड करता येतं का? अंबिका मुकाट्यानं घरी परतली.

आई चिठ्ठी हातात घेऊन दारातच उभी होती. तिनं डबा उतरवून घेतला, ब्लाऊजच्या बाह्या नीट तपासल्या आणि म्हणाली,

"उद्या घर सोडशील तेव्हा कल्हईला द्यायची पातेली घेऊन जा."