शायकडे केलेली अदलाबदल

सुवर्णाकाकूंनी म्युझियममध्ये भर गर्दीत चपला काढल्या.

"आई, अगं इथे असं चालत नाही!" अक्षत कुजबुजला.

"देवापुढे चपला घालून उभी राहू होय? काहीतरीच तुझं!"

देव म्हणजे काचेमागचा दगडी नाग. तोंड माणसाचं. जुन्या इजिप्तचा शाय. सून प्रीता ह्याच म्युझियममध्ये कामाला. तिनंच मघाशी सांगितलं होतं, की माणूस जन्मला की हा त्याचं आयुष्य मोजून देतो. कुणाला किती, ते हाच ठरवतो. झालं! तेव्हापासून काकूंना धीर म्हणून निघत नव्हता.

चौतीस वर्षांचा एकुलता एक मुलगा. रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर. सोमवारपासून ट्रीटमेंट. मिळेल त्या विमानानं काकू नागपूरहून अमेरिकेत, एडिसनला आल्या होत्या. नवस बोलून बोलून तोंड दुखलं होतं. आता थेट त्या खात्याचा साहेबच समोर!

"तुम्ही दोघं जरा तिकडे व्हा बरं."

दोघं लांब गेल्यावर त्यांनी काचेला नाक लावलं.

"हे बघ बाबा, मला मराठीच येतं. तू समजून घे. माझं उरलंय ते आयुष्य अक्षतला दे, त्याचं उरलंय ते मला. मी शहात्तरची आहे, पण बीपी नाही, शुगर नाही. जिना चढताना गुडघे धरतात, तेवढंच. आमच्याकडे बायका नव्वदी गाठतात. सरळ अदलाबदल. आत्ताच्या आत्ता कर!"

काकूंनी हात जोडले. तोच त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. जिवाला असं बरं वाटलं म्हणता!

बाहेर पडतात तोच अक्षतचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, मग रस्त्यातच ओरडला.

"आय अ‍ॅम फाइन! आई, मला काहीही झालेलं नाही!"

प्रीता किंचाळलीच. तिघं एकमेकांच्या गळ्यात पडले. काकू हसत होत्या आणि रडत होत्या.

"केलं गं बाई त्यानं! ऐकलं माझं!"

"कुणी काही केलं नाही गं. लॅबनं सॅम्पलच बदललं होतं. दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट मला लावला. मला कधी काही नव्हतंच! डॉक्टर म्हणतात, आरामात नव्वदी गाठशील."

"गाठशीलच! चला, ओक ट्री रोडवर जिलबी खाऊ. आज मी देणार!"

एडिसनची गाडी सुटायला आली होती. स्टेशनच्या पायऱ्या काकू पदर खोचून भराभरा चढल्या. प्रीतालाही मागे टाकलं. वर पोचून त्यांनी मोठ्या कौतुकानं लेकाकडे वळून पाहिलं.

अक्षत अजून खालच्या चौथ्या पायरीवरच होता, दोन्ही हातांनी कठडा धरून.

"आई, थांब गं जरा," तो म्हणाला, "गुडघे धरलेत."