समुद्रासमोरची खोली

रूथचं लग्न थोरल्या बहिणीच्या आधी ठरलं, तेव्हापासून तिला लिडियाताईकडे धड बघवत नव्हतं. ताई मात्र हौसेनं कामाला लागली होती. लग्नाआधी सगळ्या मैत्रिणींनी मिळून दोन दिवस तारकर्लीला जायचं, हा बेतही तिचाच. आज ती सगळ्यांसाठी टोप्या आणायला श्रीरामपूरच्या बाजारात गेली आणि मोबाईल घरीच विसरली. तो वाजला, म्हणून रूथनं उचलला.

"लिडिया मॅडम, हॉटेलातून बोलतोय. अभिनंदन. परवा तुम्ही तुमच्या लग्नाचं इतकं भरभरून सांगितलंत, म्हणून नवरीसाठी समुद्रासमोरची खोली राखून ठेवलीय."

"बरं," एवढंच म्हणून रूथनं फोन ठेवला.

ताई परतली आणि रूथच्या हातातला मोबाईल बघून दारातच थबकली.

"हॉटेलचा फोन होता?"

"हो."

ताईची मान खाली गेली. "त्यानं विचारलं, नवरी तुम्हीच का? माझ्या तोंडून हो निघून गेलं गं. मग पुढचं बोलतच गेले. आत्ता खरं काय ते सांगते त्याला."

रूथनं मोबाईल दिला नाही.

"नको सांगूस, ताई. तिथं तू नवरी, मी करवली होईन."