पडद्यामागची दुआ

दिरे दावाहून आलेली वडीलधारी मंडळी इथिओपियातल्या हरार शहरात माफ्तूहाच्या घरी तिच्या लेकीला, नजातला, मागणी घालायला बसली होती. तेवढ्यात पडद्यामागून खलबत्त्याची ठकठक सुरू झाली.

"आत कोण खातची पानं कुटतंय?" नवऱ्यामुलाच्या आजोबांनी विचारलं. चघळायच्या त्या नशेच्या पानांची सवय त्यांनाही होती.

"सासरे आहेत माझे," माफ्तूहा खाली मान घालून म्हणाली. "दातच राहिले नाहीत. कुटल्याशिवाय चघळता येत नाही त्यांना."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! उद्या माझीही तीच गत होणार आहे." आजोबा हसत उठले आणि पडद्याशी जाऊन अदबीनं म्हणाले, "बाबा, तुमच्या नातीला आमच्या घरी न्यायला आलोय. दुआ द्या."

ठकठक थांबली. मग बोळक्या तोंडातून बोबडे शब्द आले, "अल्ला तिचं घर लेकराबाळांनी भरो. या घराची सावलीही तिथे न पडो."

सगळे "आमीन" म्हणाले. माफ्तूहानं मात्र उठून पडदा नीट ओढून घेतला. सासरे कधीच अल्लाला प्यारे झाले होते. आत बसला होता खात चघळून चघळून दात गमावलेला नजातचा धाकटा भाऊ.