परवान्याची बंदूक

दारातली बाभळ वाऱ्यानं पडली, तेव्हा आमच्या मालकांनी हौसेनं लाकडं कापायचं पेट्रोलवरचं मशीन आणलं. बाभळीला ते लावणार, तोवर निवडणूक लागली आणि रानडुकरं हाकलायची परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. डुकरांना कुणी सांगितलं कोण जाणे, दिवस मावळला की मक्यात हजर! मग मालक रोज मशीन घेऊन बांधावर जायचे आणि काहीही न कापता नुसतंच घरघर वाजवत बसायचे. डुकरं पळायची. इकडं मी सरपणासाठी पाचट गोळा करत फिरायचे.

"अहो, दोन ओंडकं तरी कापून द्या की!"

"मका ऱ्हायला तर चूल पेटंल," म्हणायचे.

एक दिवस मशीनच बंद पडलं. कोडोलीच्या मेकॅनिकनं ते उघडून बघितलं. "पावणं, साखळीला भुसा लागलेला न्हाय, आणि इंजिन जळलं कशानं?" मालकांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. मशीन काही दुरुस्त झालं नाही.

निवडणूक संपली. आज मालक बंदूक खांद्यावर टाकून, मिशीला पीळ देत दारात आले.

"शालू, सुटली बघ बंदूक! आता एकेका डुकराला बघतो. बंब पेटव, आंघूळ करतो."

मी बाभळीकडं बोट दाखवलं.



"पेटवू की. आधी त्या बंदुकीनं एवढी लाकडं फोडून द्या."