बत्तीसरावांची लेक

"उद्या तुमच्या तुळशीचं लग्न," कुंडीला गेरू लावता लावता सगुणाबाई म्हणाल्या. "मुलीचे बाप तुम्ही. सकाळी आंघोळ करून तयार राहा. आणि ती विजार एकदा धुवा."

बातिस्ताच्या हातातला लसणीचा गड्डा खाली पडला.

बातिस्ता म्हणजे सरकारी तोफा ओतणारा फिरंगी. त्याचं नाव तांबट आळीच्या जिभेवर काही केल्या बसेना, म्हणून आळीनं त्याचे बत्तीसराव करून टाकले. कारागीर मोठा. त्याची पहिली तोफ डागली तेव्हा पर्वतीवरच्या घंटा आपोआप वाजल्या, आणि हडपसरच्या म्हशींनी त्या दिवशी दुधाऐवजी थेट ताकच दिलं. खोटं वाटत असेल त्यानं हडपसरला जाऊन म्हशींना विचारावं. अशा माणसाला तांब्याची पारख असणारच, असं म्हणून सगुणाबाईंनी आळीच्या पंचांना न विचारताच त्याला आपल्या घराची माडी देऊन टाकली होती.

पण हा एवढा तोफांचा धनी एका पानासाठी झुरत होता. निघताना आईनं चिमूटभर बी फडक्यात बांधून दिलं होतं. त्याचा पाला लसणीबरोबर खलात कुटायचा, वर तेल सोडायचं, आणि माशाच्या कालवणात घालायचा. त्याच्या गावात हा वास सुटला की भांडणारे नवराबायकोसुद्धा आधी जेवून घेत. पुण्याच्या उन्हात बी दोन उन्हाळे करपलं. तिसऱ्या खेपेला माडीच्या सज्जात एक रोप धरलं. पहिलं पान खुडायला त्यानं बोटं लावली, आणि नेमके तेव्हाच खाली अंगणात पंच येऊन उभे राहिले.

पंच त्याला काढायला आले होते. तांबट आळीत सोयऱ्याखेरीज कुणाला बिऱ्हाड द्यायचं नाही, अशी जुनी रीत. थोरले पंच मच्छिंद्र तांबट, म्हणजे सगुणाबाईंचे दीर, तोंड उघडणार एवढ्यात सगुणाबाईंनी वर बोट केलं.

"भावोजी, तुळस लावलीय हो त्यांनी!"

पंचांनी सज्जाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मच्छिंद्र खाकरले. "तुळस लावणाऱ्याला एकदम कसं हाकलायचं?" असं म्हणून ते पंचांना घेऊन चालते झाले.

तिथून बातिस्ताचे हाल सुरू झाले. आळीतल्या बायका येता-जाता रोपाला पाणी घालीत, मातीत शेणखत कालवीत. रोप असं माजलं की सज्जाखालून जाणारे उंट मान वर करून तिथंच बसकण मारीत. पण पान खुडायला हात गेला रे गेला की समोरच्या ओसरीवरून हाळी येई, "अहो बत्तीसराव, आज रविवार! तुळस खुडत नाहीत!" दुसऱ्या दिवशी द्वादशी. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजा. बिचारा रोपाशेजारी बसून कोरडी भाकरी चावी.

तेही त्यानं सोसलं असतं. पण लग्न? तो तापानं फणफणला होता तेव्हा सगुणाबाईंनी जिना चढून त्याला पेज पाजली होती. त्या माउलीनं देवापुढे अंतरपाट धरायचा, आणि पलीकडे नवरी म्हणून कोण, तर कालवणाचा पाला! बोलावं तर माडी सुटणार आणि गावाबाहेर तोफांच्या दारूच्या पिंपांशेजारी तंबूत मुक्काम. न बोलावं तर यांचा देव बाटणार.

दिवस कलताना त्यानं कुंडी उचलली आणि जिना उतरला. आळीत हातोड्यांचा ठणठणाट चालला होता. मच्छिंद्र ओसरीवर नवरदेवाला, म्हणजे घरच्या पितळी बाळकृष्णाला, चिंच लावून घासत होते. शेजारी बाकीचे पंच विड्याचं पान जमवत बसले होते.

"ही तुळस नाही," बातिस्ता म्हणाला. "माझ्या देशात हे खातात. माशाबरोबर. मी तुम्हाला फसवलं. मी माडी सोडतो."

हातोडे थांबले. तांबट आळीतले हातोडे थांबले की कसब्यातली तान्ही पोरं दचकून उठतात. तशी ती उठली आणि एका सुरात रडू लागली.

मच्छिंद्रांनी बाळकृष्ण पुसून पाटावर ठेवला. बातिस्ताच्या कुंडीतलं एक पान खुडलं, चुरगळलं, हुंगलं.

"फसवायला आधी तोंड उघडावं लागतं, बत्तीसराव. तुम्ही ते आज उघडलंत," ते म्हणाले. "आणि तुळस न ओळखणारा माणूस या आळीत अजून जन्माला यायचाय. आमच्या शेळ्यासुद्धा ओळखतात."

बातिस्तानं कुंडी ओसरीच्या कडेवर टेकवली. "मग उद्याचं लग्न?"

"लागणार. वहिनींनी त्यांच्या अंगणातली तुळस तुम्हाला दिलीय. खरी. पहाटे तुमच्या माडीवर पोचेल. तीच बोहल्यावर उभी राहील. ही तुमची मागे करवली म्हणून राहू दे. आणि परवापासून खुशाल कुटा तिला."

"पण बाप मी कशाला?"

पंचांपैकी एकजण हसू दाबायला सुपारी शोधू लागला. मच्छिंद्रांनी कपाळाला हात लावला.

"अहो, रीत आम्हाला मोडता येत नाही, आणि तुम्हाला घालवायचंही नाही. मुलगा आमच्या घरचा आहे. आता तुम्हाला व्याही करून घ्यायचं, तर मुलगी तुमची नको?"