डी खाली आहे

पडद्यावर ड्राइव्हची निळी पट्टी खटकन काळी पडली, तसा दिवाकर खुश! झाली ना जागा! आता विंडोजच्या बाजूला लिनक्स टाकलं की झालं. पेनड्राइव्ह तर सकाळपासूनच तयार होता.

"काय करून राहिला रे?" दारातून आई, लीलाबाई.

"पार्टिशन करून राहिलो."

"भिंत घालून राहिला? वहिनीच्या लॅपटॉपात? तिला विचारलं का?"

"विचारलं ना!"

तेवढ्यात पद्मजा वहिनी पिठाच्या हातानं आली. पडद्याकडे पाहिलं. परत पाहिलं.

"भाऊजी, माझं डी कुठे गेलं?"

"उडवलं. मी ओरडून विचारलं ना, कोणतं ड्राइव्ह खाली आहे? तुम्हीच म्हणाल्या, डी खाली आहे."

"हो. सी वर, डी खाली. यादीत."

दिवाकरच्या आता लक्षात आलं. साताऱ्याची वहिनी. तिचं खाली म्हणजे वरच्याच्या खाली. जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या या घरात खाली म्हणजे रिकामं. अन् यानं आत डोकावूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"त्यात माझे शब्द होते," वहिनी म्हणाली. एकदम हळू.

लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा सासूचं अर्धं बोलणं तिला समजायचंच नाही. मग एकेक शब्द विचारायची, लिहून ठेवायची, पुढे सासूचं वाक्य. दोन वर्षं. चारशे अकरा शब्द. सोमवारी पुण्याला पाठवायचे होते, पुस्तक होणार होतं. दुसरी कॉपी नव्हती.

दिवाकरनं झटकन हात मागे घेतले.

"कोणी हात लावू नका! यावर आता एक अक्षर लिहायचं नाही. नवीन लिहिलं की जुनं कायमचं जाते."

त्याच पेनड्राइव्हवरून त्यानं लॅपटॉप चालू केला, हरवलेलं शोधायचा प्रोग्राम लावला, अन् दोन्ही हात काखेत दाबून बसला. एक टक्का. सापडलं: शून्य. तीन टक्के. शून्य. वहिनी रागवेल, ओरडेल, काहीतरी बोलेल म्हणून तो वाट पाहून राहिला. वहिनी नुसती त्या शून्याकडे पाहून राहिली. त्याची भीती आणखीच वाढली.

लीलाबाईला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपल्या परीनं समजून घेतलं.

"काहून रे? भाडेकरू घर खाली करते, तशी खाली केली का तू मशीन?"

वहिनीनं मान वर केली.

"आई, परत म्हणा."

गॅसची पावती उलटी करून तिनं लिहायला घेतलं. पिठाचे डाग पडले. खाली, म्हणजे रिकामं. पुढे सासूचं वाक्य, जसंच्या तसं. मग पेन डावीकडे नेला, आकडा टाकायला, अन् थांबली.

सात टक्के. शून्य.

दिवाकर पेनाच्या टोकाकडे पाहून राहिला. आता ती एक लिहिते.

वहिनीनं लिहिलं: ४१२.